गोधडी भिंतीवर पाहावी की पलंगावर?

रंगीत_ठिगळ

मंडळी, परवा मैत्रिणीबरोबर दिवसभर उनाडून आले. सकाळी क्विल्टचं प्रदर्शन आणि दुपारी तिथून जवळच असलेलं एक जुनं घर, जे आता लोकांना पाहायला खुलं आहे. प्रदर्शनात गोधड्या भिंतीवर टांगलेल्या, वरून मंद दिवा, शेजारी पाटी. घरात वरच्या मजल्यावर एका खोलीत पलंगावर पसरलेली एकच गोधडी. पुढे दोरी, खिडक्यांना पडदे, पाटीबिटी काही नाही.

परतताना आमचं जुंपलं. तिचं म्हणणं, सकाळी जे झालं तेच खरं पाहणं. नक्षी पूर्ण दिसली, रंगांचा खेळ कळला. घरातली गोधडी म्हणजे पलंगाचं सामान, निम्मे लोक तर छताकडे बघून पुढे गेले.

मला नेमकं उलट वाटलं. भिंतीपुढे उभं राहून मी चित्राला द्यावी तशी दाद देत होते आणि ही वस्तू अंगावर घ्यायची आहे हेच विसरून गेले होते. पलंगावरची पाहिल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. मधला चौक एवढा मोठा का? कारण तो बरोबर गादीच्या सपाटीवर बसतो. बाजूंची नक्षी खाली तोंड करून का? कारण ती लोंबते. आणि पायाकडचे दोन्ही कोपरे चौकोनी कापून का टाकलेत? तिथे पलंगाचे खांब येतात! सकाळी असेच कापलेले कोपरे भिंतीवर पाहिले होते, तेव्हा वाटलं उंदरांनी खाल्ले असतील.

तर तुमचं मत काय? आणि एकाच दिवशी दोन्ही करायचं तर आधी काय पाहावं?

झपाटलेली_सुई

कोपऱ्यांचं एकदम बरोबर. खांबांच्या पलंगासाठी तशा 'टी' आकारात शिवायचे. एवढं लक्ष देऊन पाहिलंस हेच कौतुकाचं.

क्रम विचारशील तर आधी घर. जिने असतात, खोल्या एका ओळीत पाहाव्या लागतात, मध्येच बसायची सोय नसते. प्रदर्शनात निदान बाक असतो.

उसवलेला

मला सौभाग्यवतींनी नेलं होतं. तिसऱ्या गोधडीपासून जांभया सुरू झाल्या. हा त्या वस्तूचा गुण आहे, माझा दोष नाही.

कापडचोपड

@रंगीत_ठिगळ, तुमच्या मैत्रिणीच्या बाजूनं बोलतो. क्विल्टकडे लोक गंभीरपणे पाहायला लागले ते ती भिंतीवर चढली म्हणूनच. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या क्विल्ट मुद्दाम अमूर्त चित्रांसारख्या टांगल्या होत्या. त्याआधीही संग्रहालयांत क्विल्ट होत्याच, पण 'घरगुती कसब' या कोपऱ्यात. त्या प्रदर्शनानंतर लोकांना दिसलं की जे चौकोन आणि पट्टे चित्रकार विसाव्या शतकात 'नवे' म्हणून मांडत होते, ते या बायकांनी कधीच शिवून ठेवले होते. पलंगावर तिरप्या कोनातून हे दिसलंच नसतं. अर्धी गोधडी तर उशीखाली जाते.

बखरवाचक

कापडचोपड, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या प्रदर्शनात शिवणाऱ्यांची नावं जवळजवळ नव्हतीच. त्यावर नंतर सडकून टीकाही झाली. चित्रकाराचं नाव नसेल तर लोक विचारतात 'कोणाचं?' इथे कोणी विचारलंच नाही. भिंत मिळाली, पण बाई गेली.

आणि नाव माहीत असूनही काय झालं ते बघायचं तर हॅरिएट पॉवर्स. जॉर्जियात १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेली. बायबलमधल्या कथा कापडाच्या आकृत्या जोडून तिनं गोधडीवर मांडल्या. १८८६च्या सुमारास ती गोधडी एका कापूस-जत्रेत मांडली होती, तिथे जेनी स्मिथ नावाच्या चित्रकर्तीनं पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएटनं नाही म्हटलं. पुढे हातातोंडाची गाठ पडेना तेव्हा, १८९१मध्ये, स्वतःच विकायला घेऊन आली. मागितले १० डॉलर, मिळाले ५. जेनीनं प्रत्येक चित्राचा अर्थ तिच्याकडून विचारून लिहून ठेवला म्हणून तो आज आपल्याला कळतो. त्यानंतर हॅरिएट ती गोधडी बघायला जेनीकडे येऊन जायची. आता ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

झपाटलेली_सुई

५ डॉलर... आणि वर भेटायला यायची. नको वाटतं वाचायला.

पायपीट

मला या दोन्ही ठिकाणांबद्दल एकच तक्रार आहे, अंधार. तिकीट काढून आत जायचं आणि चाचपडत फिरायचं. मी नीट दिसावं म्हणून मोबाईलचा दिवा लावला तर एक काका असे धावत आले की जणू काडी ओढली होती. बरं, समजावून सांगावं ना! नुसतं 'नाही, नाही, नाही'.

जुनेपुराणे

@पायपीट, काकांच्या वतीनं मी सांगते, कापड जतन करणं हे माझं रोजचं काम आहे.

कापडाचं प्रकाशानं होणारं नुकसान भरून येत नाही. रंग उडाला की उडाला, आणि प्रकाश बंद केला म्हणून झालेली झीज भरून निघत नाही. म्हणून जुन्या कापडावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आत प्रकाश ठेवतात. बाहेर लख्ख उन्हात लाखभर लक्स असू शकतो, तेव्हा आत आल्यावर आंधळं झाल्यासारखं वाटणारच. युक्ती अशी की दारातून आत आल्या आल्या गोधडीकडे धावायचं नाही. पाटी वाचा, गप्पा मारा, डोळे सरावू द्या. पाचेक मिनिटांनी तेच कापड वेगळं दिसतं. घरांमध्ये पडदे ओढलेले असतात तेही याच कारणानं, आणि कित्येक घरं वर्षातले काही महिने खोल्या बंद ठेवतात ते या हिशेबापायीच.

आता भिंत की पलंग. कापडाच्या दृष्टीनं दोन्ही त्रासाचंच. टांगली की सगळा भार वरच्या काठावर येतो. म्हणून मागे वरच्या बाजूला पूर्ण रुंदीची पट्टी किंवा कापडी नळी शिवतात, म्हणजे वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं. तरी काही महिन्यांनी उतरवून विश्रांती द्यावीच लागते. पलंगावर पसरली तर भार नाही, पण धूळ बसते आणि कडेला जिथे वळते तिथे घडी पडते. घडी म्हणजे उद्याची चीर. गोदामात तर घडी घालतच नाहीत, जाड नळीवर गुंडाळतात.

एक गंमत बघा पुढच्या वेळी. जुन्या गोधडीत बाकी सगळं शाबूत आणि फक्त गडद तपकिरी किंवा काळे तुकडे जाळी झालेले दिसतात. ते कोणी जास्त वापरले म्हणून नाही. तो रंग बसवायला लोहाचे क्षार वापरायचे आणि तेच कापडाला आतून खातात. कधी कधी छापील फुलांची फक्त काळी रेघ गळून गेलेली असते आणि फूल तसंच असतं. रेशमी तुकड्यांच्या 'क्रेझी क्विल्ट'चं दुखणं वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेशीम जड भासावं म्हणून त्यात धातूचे क्षार भरायचे, ते रेशीम आता उभ्या रेघांत फाटतं. दुकानदाराची लबाडी शंभर वर्षांनी उघडी पडते ती अशी.

पायपीट

जुनेपुराणे, हे काकांनी सांगितलं असतं तर मी त्यांना नमस्कार करून दिवा बंद केला असता. _/\_

उसवलेला

५० लक्समध्ये गोधडी. म्हणजे झोपेची पूर्ण तयारी संस्थेनेच करून ठेवलेली आहे.

तिरपी_शिलाई

दोन्ही एका छपराखाली हवं असेल तर इंग्लंडात बाथजवळ क्लॅव्हर्टन मॅनर आहे. घर १८२०च्या दशकातलं, आणि १९६१पासून तिथे अमेरिकन म्युझियम. क्विल्टचा संग्रह दोनशेच्या वर आहे. घर इंग्रजी, पण आतल्या कितीतरी खोल्या अमेरिकेतल्या जुन्या घरांतलं लाकूडकाम आणून उभ्या केलेल्या. बाहेरच्या हिरवळीवर १८९७मध्ये तरुण चर्चिलनं आपलं पहिलं राजकीय भाषण ठोकलं होतं. तिथे दोन्ही प्रकारे दिसतं, काही गोधड्या टांगलेल्या, काही खोल्यांतल्या पलंगांवर. रंगीत_ठिगळ, तुझ्या मैत्रिणीला तिथे ने आणि वाद मिटव.

आणि इंग्लंडातच चॉटन गावातलं लेखिका जेन ऑस्टिनचं घर. ती, आई आणि बहीण कॅसांड्रा अशा तिघींनी केलेली गोधडी तिथे आहे. शंकरपाळ्यासारखे तिरके चौकोन, मध्ये मोठ्या चौकोनात फुलांची परडी. १८११च्या मे महिन्यातल्या पत्रात ती बहिणीला विचारते की तुकडे जमवायचं लक्षात आहे ना, इकडे काम अडून बसलंय. जगभर नाव झालेली बाई, पण कापडाच्या तुकड्यासाठी बहिणीच्या मागे लागलेली. मी त्या घरात गेले ती तिच्या लिहायच्या चिमुकल्या टेबलासाठी. रमले मात्र गोधडीपाशी.

कापडचोपड

इंग्लंडचाच विषय निघालाय तर लेव्हन्स हॉल. कंब्रियातलं जुनं घर, आणि तिथली १७०८च्या आसपासची गोधडी ही इंग्लंडातल्या ठिगळकामाच्या सर्वात जुन्या नमुन्यांपैकी एक. कापड कुठलं? आपल्याकडचं चीट! त्या काळी भारतीय छापील सुती कापडाचं एवढं वेड होतं की तिथल्या विणकरांनी बोंबाबोंब केली. १७०१पासून आयातीवर बंदी आली आणि १७२१च्या कायद्यानं ते अंगावर घालायला किंवा घरात पडद्या-बैठकीला वापरायलाही बंदी. १७७४पर्यंत हे चाललं. अशा कापडाची चिंधी कोण फेकेल? फाटलेल्या झग्यातला शाबूत तेवढा तुकडा कापून गोधडीत. तेव्हा 'गरिबाचं पांघरूण' हे सरसकट खरं नाही. ही श्रीमंतांच्या घरातली चैनीची चिंधी होती.

दोरा_ओवा

आमच्या घर-दर्शनात वाटाड्या बाईंनी एक भारी गोष्ट सांगितली. अमेरिकेत गुलाम पळून जायचे तेव्हा वाटेतल्या घरांच्या कठड्यावर ठरावीक नक्षीच्या गोधड्या वाळत घालायचे आणि त्यातून खुणा कळायच्या, इकडे वळा, इथे थांबा, वगैरे. ऐकून काटा आला अंगावर. अशी गोष्ट कळली की पलंग काय न् भिंत काय!

बखरवाचक

ती गोष्ट पुराव्यावर टिकत नाही हो. पळून सुटलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेल्या, सांगितलेल्या इतक्या आठवणी आहेत, त्यांत अशा सांकेतिक गोधड्या येत नाहीत. १९९०च्या दशकाच्या अखेरीला ही कथा पुस्तकातून पसरली आणि मग शाळांपर्यंत पोचली. खुणेच्या म्हणून सांगतात त्यांतल्या काही नक्ष्या तर गुलामगिरी संपल्यानंतरच्या आहेत. इतिहासकारांनी पुन्हा पुन्हा सांगूनही ती जात नाही.

दोरा_ओवा

आता माझा काटा परत घ्या. :( पण बाई इतक्या ठामपणे सांगत होत्या!

झपाटलेली_सुई

दुसरी अशीच दंतकथा म्हणजे 'परिपूर्ण फक्त देव, म्हणून शिवणारी मुद्दाम एक चूक ठेवायची'. जिला टाके घालता येतात तिला विचारा, मुद्दाम ठेवावी लागत नाही.

सहज_डोकावलो

अवांतर: जुन्या घरातल्या खुर्च्यांवर वाळलेली काटेरी बोंडं किंवा पाइनची फळं का ठेवतात? मला आधी सजावट वाटली.

तिरपी_शिलाई

तुम्ही बसू नये म्हणून. 'बसू नका' पाटीपेक्षा काम चोख होतं आणि दिसायलाही बरं.

उसवलेला

बोंड उचलून बसणारा माणूस मी पाहिला आहे. नाव सांगणार नाही, सासऱ्यांचा मान राखायचा आहे.

जुनेपुराणे

टाचांच्या बुटांचंही तेच. अणकुचीदार टाचेखाली सगळं वजन नखाएवढ्या जागेवर येतं आणि जुन्या लाकडी जमिनीत खळगे पडतात. म्हणून दारातच सांगतात. सपाट बूट घालून जा. पाठीवरची पिशवीही पुढे घ्यायला लावतात, कारण मागे वळताना फुलदाणी पडली की कोणाच्याच हाती काही राहत नाही.

पायपीट

पलंग निघालाच आहे तर, त्या काळची माणसं बुटकी होती का? सगळे पलंग आखूड.

जुनेपुराणे

आखूड दिसतात. वरचं छत, पडदे, उंच खांब आणि फुगवलेली गादी, त्यामुळे डोळा फसतो. टेप लावला तर बहुतेक पलंग आजच्या इतकेच भरतात.

रंगीत_ठिगळ

अरे बापरे, धागा कुठल्या कुठे गेला! सगळं वाचलं. मैत्रिणीलाही वाचायला दिला. तिनं कापडचोपड यांचा प्रतिसाद मला तीनदा पाठवला, रंगवून.

माझी अडचण जरा वेगळी आहे. अमूर्त चित्रासारखी दिसते म्हणून ती मोठी, हे मला पटत नाही. १९४२ साली अमेरिकेत अलाबामातल्या जीझ बेंड या वस्तीत मिझुरी पेटवे या बाईचा नवरा वारला. तिनं त्याचे शेतात कामाला घालायचे कपडे उसवून गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून निजता यावं म्हणून, असं तिच्या मुलीनं सांगितलंय. विटलेला निळा, करडा, गुडघ्यापाशी जिथे ठिगळ होतं तिथला गडद चौकोन. २००२पासून जीझ बेंडच्या गोधड्यांची प्रदर्शनं गाजली, २००६मध्ये टपाल तिकिटंही निघाली. मी त्यांतल्या छायाचित्रांपुढे 'वा, काय रंगसंगती' म्हणायचं? ती तर गुडघ्याची जागा आहे.

कापडचोपड

आणि टांगली नसती तर तो गुडघा तुम्हाला दिसला असता का? पांघरूण म्हणून वापरून विरली असती, पन्नाशी गाठली नसती.

रंगीत_ठिगळ

हम्म. हे खरं आहे. राग येतोय पण खरं आहे.

बखरवाचक

तुमच्या दोघांच्या चौकटीत न बसणारी एक देतो. १८४१ साली 'राजा' नावाच्या जहाजातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडच्या होबार्टला १८० च्या आसपास बायका शिक्षा भोगायला पाठवल्या. तुरुंगांच्या सुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळींनी त्यांना वाटेत करायला सुया, दोरे, कापडाचे तुकडे दिले होते. त्यातून जहाजावर जी गोधडी झाली तिच्यात २,८१५ तुकडे आहेत आणि काठावर त्या समितीचे आभार मानणारा मजकूर शिवलेला. ती कोणाच्या पलंगासाठी नव्हती, भिंतीसाठीही नव्हती. ते आभाराचं पत्र होतं. पुढे ती नाहीशी झाली आणि १९८०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये एका माळ्यावर सापडली. आता कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत आहे, नाजूक झाल्यामुळे क्वचितच बाहेर काढतात. २०१०मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) म्युझियमनं तीनशे वर्षांच्या क्विल्टचं प्रदर्शन केलं, तेव्हा मात्र ती एवढा प्रवास करून गेली होती.

काही तुकड्यांवर रक्ताचे बारीक डाग आहेत म्हणतात, सुई टोचल्याचे.

झपाटलेली_सुई

जहाज हलतंय आणि सुई ओवायची... माझी तर बसमध्ये ओवली जात नाही.

मूळ प्रश्नावर येते. भिंत आणि पलंग दोन्हीकडे एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे पाठ. मला गोधडी कळते ती उलटी केल्यावर. अस्तर एकसंध आहे की तेही जोडलेलं, गाठी कुठे लपवल्यात, टाका वर आहे तेवढाच खाली आहे का. कागदाचे साचे घालून शिवलेल्या षटकोनी कामात तर कधी कागद आतच राहिलेले असतात, जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या, वर्तमानपत्रं. त्यावरची तारीख सापडली की निदान त्या तारखेच्या आधी ती शिवलेली नाही एवढं नक्की होतं.

क्विल्टवाल्यांच्या मोठ्या मेळाव्यांत पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका असतात. त्यांना 'ताई, जरा कोपरा दाखवा ना' म्हटलं की त्या अलगद उलटून दाखवतात. कोणी विचारलं की त्यांना आनंदच होतो. आपण मात्र हात मागे बांधायचे. मला बोटं शिवशिवतात म्हणून मी दोन्ही हातांनी पर्स धरून उभी राहते.

तिरपी_शिलाई

जुन्या घरांतही विचारून बघायला हवं. खोलीत बसलेल्या बहुतेक स्वयंसेवकांना दिवसभर 'बाथरूम कुठे' एवढंच विचारतात. गोधडीबद्दल विचारलंत तर खुर्ची सोडून उठतात. एका आजोबांनी मला पलंगाच्या गादीखालची दोरखंडाची जाळी दाखवली होती, ती सैल पडली की कसायची किल्ली सुद्धा. दोरीपलीकडून मी एकटीनं कितीही वाकून पाहिलं असतं तरी दिसली नसती.

उसवलेला

बरं, आता खरं सांगतो. मला एक आवडली होती. काठाकडून आत आत शिवत आणलेली, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची. कवंदी म्हणतात. आधी तुकडे जोडून मग टाके असं नाहीच, तुकडा ठेवायचा आणि थेट धावदोऱ्यानं पकडायचा, असं कडेनं फिरत मध्यात पोचायचं. चार कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तिकोनी तुकडे, त्यांना फुलं म्हणतात. ती मात्र त्यांनी जमिनीलगत तिरप्या फळीवर पसरली होती. ना भिंत ना पलंग. वरून बघता येत होती आणि चारी बाजूंनी फिरता येत होतं. टाक्यांच्या रांगा कडेनं आत कशा वळत गेल्यात ते तसंच कळलं.

रंगीत_ठिगळ

उसवलेला!!! इतका वेळ जांभयांच्या गोष्टी आणि हे आता?

तिरपी फळी चालेल मला. मैत्रिणीलाही विचारते.

जुनेपुराणे

नाजूक कापडासाठी आम्हीही तेच सुचवतो, भार फळीवर जातो. अडचण जागेची. पलंगभर मोठी गोधडी तिरपी मांडली की खोलीत दुसरं काही मावत नाही, आणि मांडणारे म्हणतात की एवढ्या जागेत भिंतीवर चार लागल्या असत्या.

सहज_डोकावलो

लहान मुलांना नेलेलं चालतं का दोन्हीकडे? आणि बाबागाडी?

तिरपी_शिलाई

मुलं चालतात. बाबागाडी जुन्या घरात बहुतेक दारातच ठेवायला लावतात, मूल कडेवर किंवा झोळीत. मुलांना गोधडीत एक विशिष्ट कापड किती वेळा आलंय ते शोधायला सांगा, निदान अर्धा तास सुटतो.

उसवलेला

मोठ्यांनाही सांगा. मला त्यानेच जाग आली होती.